न पाहण्याचा दोष

कोणत्याही गावी अपघात घडला, म्हणजे लोकांच्या तोंडून तीन वाक्ये हटकून निघतात. पहिले, "त्याची वेळ भरली होती." दुसरे, "असे होईल हे कोणास ठाऊक होते?" आणि तिसरे, "आजवर तर काही झाले नव्हते." ही वाक्ये दुःखाच्या भरात उच्चारली जातात, म्हणून त्यांबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाही, आणि शोक करणाऱ्याच्या दारी जाऊन वाद घालणे हे शहाण्याचे कामही नव्हे. परंतु शोकाचे दिवस सरल्यावर ह्या तिन्ही वाक्यांचा शांत मनाने विचार केला पाहिजे, कारण त्यांत नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तो असा : ज्या साधनाने मनुष्याचा जीव गेला ते सदोष आहे हे त्याच्या मालकास किंवा देखरेख करणाऱ्यास खरोखरच ठाऊक नव्हते, तर तो निर्दोष ठरतो काय? "मला ठाऊक नव्हते" एवढे म्हटल्याने मनुष्य मोकळा होतो काय?

हा प्रश्न मोठमोठ्या कारखान्यांचा आहे, आम्हां खेड्यांतल्या लोकांचा त्याशी काय संबंध, असे कोणी समजू नये. पवनी तालुक्यातील आसगावासारख्या धानाच्या गावी पूर्वी बैलांच्या पायांखाली मळणी होत असे, आणि तांदूळ मुसळाने कांडला जात असे. आता कापणी झाली की मळणीयंत्र बांधीवर येते; धान भरडावयास गिरणी आहे; विहिरीवर विजेचा पंप आहे; फवारणीचे यंत्र पाठीवर आहे. बैल मारावयास येतो तेव्हा तो आधी शिंगे हलवितो, खूर आपटतो, आणि मनुष्य बाजूला होतो. यंत्र असे काही करीत नाही. पट्टा झिजलेला असतो, तारेवरचे रबर तडकलेले असते, शिडीची पायरी आतून कुजलेली असते. परंतु ती गोष्ट जो मुद्दाम पाहावयास जाईल त्यालाच दिसते. म्हणून यंत्राबरोबर यंत्र तपासण्याचे कर्तव्यही गावात आले आहे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट घेऊ. भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, नवजात बालकांच्या विशेष कक्षास आग लागली. त्या कक्षात १७ बालके होती. त्यांपैकी ७ जणांस बाहेर काढून वाचविण्यात आले. १० बालके दगावली, कित्येक भाजून आणि अधिक तर धुराने गुदमरून. अशक्त बाळास ऊब मिळावी म्हणून जे यंत्र ठेविलेले असते, त्याच यंत्राच्या नियंत्रक भागात ठिणगी पडून आगीस आरंभ झाला, असे पुढे चौकशीतून सांगण्यात आले. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांची आगीच्या दृष्टीने तपासणी करावी असे हुकूम निघाले. आणि तरीही त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली, आणि निदान ११ रुग्ण प्राणास मुकले. "बैल गेला आणि झोपा केला" ही म्हण आपण हसत वापरतो. परंतु येथे तर एक बैल गेल्यावरही दुसऱ्यासाठी झोपा वेळेवर उभा राहिला नाही.

ह्यात कोणाचा किती अपराध, हे ठरविणे न्यायसभेचे काम आहे, आणि ते आपण हाती घेऊ नये. आपला प्रश्न निराळा आहे. जी माता आपले बाळ त्या कक्षात ठेवून बाहेर ओट्यावर बसली, तिला यंत्राची तार पाहता येत नव्हती, आणि पाहिली असती तरी समजली नसती. तिने केवळ भरवसा ठेविला. जो भरवसा ठेवितो तो आपले डोळे दुसऱ्याच्या स्वाधीन करितो. त्याच्या वतीने पाहण्याचे काम दुसऱ्याने पत्करलेले असते. मळणीयंत्रात पेंढी घालणारी मजूर बाई, गिरणीत पोते उचलणारा हमाल, मालकाच्या शिडीवर चढणारा गवंडी, ह्या सर्वांची गोष्ट हीच आहे. साधन एकाचे, आणि जीव दुसऱ्याचा. तपासणीचा खर्च वाचतो तो एकाचा, आणि हात तुटतो तो दुसऱ्याचा. ह्यास्तव तपासणी ही केवळ सावधगिरीची बाब नाही, ती न्यायाची बाब आहे.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज विद्वानाने १८७७ साली ह्याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक दृष्टांत दिला आहे, त्याचे तात्पर्य असे. एका मनुष्याचे एक जुने जहाज होते. ते देशांतरास जाणाऱ्या कुटुंबांस घेऊन निघणार होते. जहाज जीर्ण झाले आहे, ते पुरते तपासून दुरुस्त करावे, अशी शंका मालकाच्या मनात आली. परंतु त्यास खर्च फार होता. तेव्हा त्याने आपल्या मनाची समजूत घातली : ह्या जहाजाने इतकी वादळे सोसली, हीही सफर ते पार पाडील; इतक्या गरीब कुटुंबांचे परमेश्वर रक्षण केल्यावाचून राहणार नाही. असे म्हणता म्हणता त्याची खरोखरच खात्री झाली. जहाज निघाले आणि भर समुद्रात बुडाले. विम्याचे पैसे मालकास मिळाले. आता ह्या मनुष्याने लबाडी केली असे म्हणता येत नाही. जहाज सुरक्षित आहे असे तो मनापासून मानीत होता. तथापि क्लिफर्ड म्हणतो की, तो त्या माणसांच्या मृत्यूस कारण झाला. कारण जे त्याने मानले ते मानण्याचा त्यास अधिकारच नव्हता. त्याने पाहून खात्री करून घेतली नाही, शंका दाबून खात्री करून घेतली. आणि पुढे तो असेही म्हणतो की, ते जहाज न बुडता सुखरूप पोहोचले असते, तरीही मालकाचा दोष तसूभर कमी झाला नसता. तो केवळ उघडकीस आला नसता, इतकेच.

हे शेवटचे म्हणणे कित्येकांस कठोर वाटेल. परंतु "आजवर तर काही झाले नव्हते" ह्या वाक्याचे खरे उत्तर त्यातच आहे. तुटका पट्टा वीस हंगाम चालला म्हणून तो चांगला ठरत नाही. वीस वेळा जो वाचला तो दैवाने वाचला, आपल्या काळजीने नव्हे. आणि दैवाने जे दिले ते स्वतःच्या शहाणपणाच्या खाती मांडणे हे खोटे हिशेब ठेवण्यासारखे होय. शिवाय जी वस्तू रोज झिजते तिच्याविषयी जुना अनुभव धीर देणारा नसून उलट सावध करणारा असावयास पाहिजे. विहिरीचा दोर दहा वर्षे टिकला, ह्यावरून तो अकराव्या वर्षी अधिक भरवशाचा झाला असे कोणता शेतकरी म्हणेल?

मोशेच्या नियमशास्त्रात ह्या विषयाला धरून दोन नियम आहेत, त्यांची तुलना बोधप्रद आहे. पहिला मारक्या बैलाचा. बैलाने मनुष्यास मारिले, आणि तो मारका आहे हे आधी कोणास ठाऊक नसले, तर धनी निरपराधी समजला जाई. परंतु बैलास ती खोड आहे असे धन्यास बजावले असून त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर धन्यावर मोठा दोष येत असे. येथे जाणणे आणि न जाणणे ह्यांत भेद केला आहे, आणि तो न्याय्य आहे. दुसरा नियम नव्या घराच्या धाब्याचा. कोणी नवे घर बांधील तर त्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा तो नियम आहे. येथे अजून कोणी पडलेला नाही, कोणी बजावलेले नाही, घर तर नवेच आहे. तरीही कर्तव्य आरंभापासूनच आहे. हा भेद का? कारण अमुक एक बैल मारका आहे की नाही हे अनुभवावाचून कळत नाही. परंतु उंचावरून मनुष्य पडतो हे सर्वांस सदाच ठाऊक आहे. आता आपल्या प्रश्नाकडे या. अमुक दिवशी अमुक पट्टा तुटेल हे कोणास ठाऊक नसते, ही गोष्ट खरी. परंतु पट्टे झिजतात, दोर कुजतात, तारांची आवरणे तडकतात, बॉयलरात खार साचतो, हे न जाणणारा कोण आहे? ह्यावरून "मला ठाऊक नव्हते" हे बोलणे अर्धे खरे व अर्धे खोटे ठरते. त्या एका दोषाविषयी तो अजाण असेल. दोष संभवतो ह्याविषयी तो अजाण नव्हता. यंत्र बैलाच्या नियमात बसत नाही, ते धाब्याच्या नियमात बसते.

ह्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा आता विचार करू.

पहिला आक्षेप भक्तिमान लोकांचा. राखणारा देव आहे, मग इतकी शंका कशाला? परंतु वर सांगितलेल्या जहाजाच्या मालकानेही देवाचाच आधार घेतला होता. जेथे आपले हात पोहोचत नाहीत तेथे देवावर भिस्त ठेवणे ही श्रद्धा होय. जेथे आपले हात पोहोचतात आणि खर्चाच्या भीतीने ते आपण पुढे करीत नाही, तेथे देवाचे नाव घेणे ही श्रद्धा नव्हे, पळवाट होय. शेतकरी पावसासाठी प्रार्थना करितो, तरी बांधीची पाळ फुटली असेल तर ती आधी बांधून घेतो. त्यास कोणी अविश्वासी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा. तपासणीस पैसा लागतो, वेळ लागतो, आणि हंगाम तर थांबत नाही. हा आक्षेप पहिल्याहून अधिक वजनदार आहे, आणि त्यास हसू नये. ज्याच्याजवळ नवा पट्टा घ्यावयास पैसे नाहीत त्याची अडचण खरी आहे. परंतु पाहणे आणि दुरुस्त करणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीस पैसे लागतात. पाहण्यास बहुधा केवळ अर्धा घटका आणि दोन डोळे लागतात. मग पाहणेही का टाळले जाते? मनुष्यस्वभावाचे मर्म येथे आहे. पाहिले तर दोष सापडेल, सापडला तर खर्च करावा लागेल, आणि खर्च न केला तर मनास टोचणी लागेल. त्यापेक्षा न पाहिलेले बरे! असे अज्ञान अंगावर येऊन पडलेले नसते, ते विकत घेतलेले असते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या जिवाने दिली जाते. गरिबी दुरुस्ती लांबण्याचे कारण होऊ शकेल. परंतु दोष दिसत असता मजुराला न सांगता त्याच्या हाती ते साधन देण्याचे कारण ती कधीही होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप असा की, हे सरकारचे काम आहे. त्यासाठी तपासनीस नेमले आहेत. सरकारचे काम आहे हे खरेच, आणि ते कसे सुरू झाले हे जाणण्याजोगे आहे. कलकत्त्यास १८६३ साली एक बॉयलर फुटून कित्येक माणसे मेली, तेव्हा १८६४ साली बंगालात बॉयलरांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले, आणि १९२३ साली सर्वांस मिळून एक कायदा करण्यात आला. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी तपासणीचा दाखला असल्यावाचून बॉयलर चालवू नये हे तत्त्व कायम राहिले. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही माणसे व माल वर नेणाऱ्या पाळण्यांची सहा महिन्यांतून एकदा, आणि ओझी उचलणाऱ्या साखळ्या, दोर व यंत्रे ह्यांची वर्षातून निदान एकदा जाणत्या माणसाकडून कसून परीक्षा व्हावी, असे ठरविले होते. मळणीयंत्रांत हात सापडून शेकडो मजूर लुळे होऊ लागले, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी निराळा कायदा करणे भाग पडले. परंतु तपासनीस वर्षातून एक दिवस येतो. यंत्र इतर सर्व दिवस चालते. त्याचा दाखला त्या एका दिवसाची साक्ष देतो. उरलेल्या दिवसांची साक्ष कोण देणार?

येथे साक्षीचा शब्द आला, तर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या वहीत "तपासले, ठीक आहे" असे लिहून खाली सही केली जाते, ती वही म्हणजे साक्षीपत्र आहे. जो न पाहता सही करितो तो खोटी साक्ष देतो. मग ती सही न्यायसभेत न होता गिरणीच्या ओसरीवर झाली म्हणून काय झाले? किंबहुना ही खोटी साक्ष अधिक घातक आहे, कारण कोरे पान पाहून मनुष्य सावध तरी राहतो, परंतु सही पाहून तो निर्धास्त होतो.

खरी परीक्षा कशी असते हे बॉयलरावरून शिकावे. आपल्या जिल्ह्यात उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत वाफेसाठी बॉयलर असतात. त्याची परीक्षा घेताना त्यात वाफ नव्हे, तर थंड पाणी काठोकाठ भरितात, आणि रोजच्या कामाच्या दाबाहून अधिक, दीडपटीपर्यंत दाब चढवितात. असे का? वाफ दाबली असता तिच्यात फार मोठी शक्ती साठते, आणि पत्रा फाटला की ती एकदम सुटून भिंतीही उडविते. पाणी जवळजवळ दबतच नाही. म्हणून पत्रा कमजोर असला तर पाण्याची धार लागते, दाब खाली येतो, आणि कोणास इजा होत नाही. दोष तोच, परंतु एके ठिकाणी तो धारेने कळतो, दुसरे ठिकाणी प्रेतांनी कळतो. तपासणीचे सगळे सार हेच आहे की, जो दोष केव्हातरी प्रगट होणारच आहे, तो कोणी त्याच्या खाली उभा नसताना आपण होऊन प्रगट करावा.

आता दोषाची वाटणी न्यायाने कशी करावी? ज्याने जे पाहणे शक्य होते ते पाहिले, जाणत्यास विचारिले, आणि तरीही धातूच्या आत लपलेल्या चिरेने घात केला, त्याला दुःख होईल, परंतु त्याला दोष लावू नये. तसेच ज्याच्या हाती ना अधिकार, ना साधन, ना शिक्षण, अशा रात्रपाळीच्या नोकरास पुढे करून वरच्यांनी आपले हात धुणे हाही अन्याय आहे. ज्याला थांबविण्याचा अधिकार अधिक, आणि ज्याला पाहण्याची सोय अधिक, त्याचे उत्तरदायित्व अधिक. जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन ८ कामगार मेले. अशा कामावर जाणारा मनुष्य धोका पत्करून जातो असे आपण म्हणतो. पण तो जो धोका पत्करितो, तो कामाच्या स्वरूपातच असलेला. निष्काळजीपणाचा धोका पत्करण्याचा करार कोणीही कोणाशी केलेला नसतो.

शेवटी, मंडळ्यांनी व उपदेशक बंधूंनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. धानाची मळणी सुरू होण्याआधी, ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी ते चालू करण्यापूर्वी उभे राहून पाहावे. मळणीयंत्रासाठी ठरलेल्या भारतीय मानकाप्रमाणे पेंढी आत सारण्याचे पन्हाळ निदान ९० सेंटीमीटर लांब, आणि त्यातील ४५ सेंटीमीटर वरून झाकलेले असावे. त्यामुळे हात दात्यांपर्यंत पोहोचत नाही. ते कोणी "काम लवकर होते" म्हणून कापून टाकिले असेल, तर त्या यंत्रावर आपल्या घरच्या माणसास पाठवू नये, आणि दुसऱ्याच्या घरच्यासही नाही. पट्ट्यावर व फिरत्या चाकावर जाळी असावी. पदर, दुपट्टा, उपरणे कमरेला घट्ट खोचलेले असावे. यंत्र फिरत असता ते साफ करू नये. विजेच्या पंपाची पेटी ओल्या हाताने उघडू नये. गळती ओळखून वीज तोडणारे जे साधन असते त्यावर परीक्षेचे बटण असते, ते दर महिन्यास दाबून पाहावे, आणि दाबताच वीज तुटली नाही तर ते साधन मेलेले समजावे. सभेचा मांडव घालितात तेव्हा दिव्यांच्या तारा कोणी जोडल्या, जोड उघडे आहेत काय, हे कोणीतरी एकाने नाव घेऊन आपल्याकडे घ्यावे; कारण जे सर्वांचे काम ते कोणाचेच होत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही : दोष ज्याला दिसेल त्याला "थांबवा" म्हणण्याची मोकळीक असावी, मग तो मजूर असो, बाई असो की बारा वर्षांचा मुलगा असो. त्याच्या म्हणण्यात चूक निघाली तरी त्याला रागे भरू नये. एकदा जो हिणविला गेला तो पुन्हा बोलत नाही, आणि पुढल्या वेळी त्याचे म्हणणे खरे असते.

ह्या कामात कीर्ती नाही, हेही आधीच जाणून असावे. जळत्या घरातून मूल बाहेर काढणाऱ्याचे नाव गावोगाव होते. परंतु तार बदलल्यामुळे जे घर जळालेच नाही, त्यातील मुलांस आपण वाचलो हे ठाऊकही नसते, आणि तार बदलणारासही ते कधी कळत नाही. त्याच्या पदरी खर्च तेवढा पडतो, आणि "उगीच शंकेखोर" हे नाव मिळते. तरी शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे केवळ त्याच्या जखमेस पट्टी बांधणे नव्हे. जखम होऊ न देणे हीही तीच प्रीती होय, आणि तिला आभाराची अपेक्षा नसल्यामुळे ती कदाचित अधिक शुद्ध आहे. ज्याच्या हाताखाली दुसऱ्याचा जीव आहे, अशा प्रत्येकाने यंत्राची कळ दाबण्यापूर्वी आपल्या मनास एवढे एकच विचारावे : "हे ठीक आहे असे मी मानतो, ते पाहून मानतो, की न पाहता?"